थरथरत आलेल्या माणसाला

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. आम्ही दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागात राहायचो. रस्ते सतत खोदलेले. काल मुलीला शाळेत सोडायला जिथून वळले, तिथे आज पत्रे उभे. नवरा रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टमध्ये, कंपनीच्या बसने जाऊन-येऊन.

समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडच्या एक मुसलमान बाई होत्या, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. मी त्यांना आपा म्हणायचे. नवरा गेल्यावर पडदे शिवायचं दुकान त्यांनी मुलाला हाताशी धरून चालवलं होतं. कुणी कौतुक केलं की म्हणायच्या, "आमच्यात हे नवं नाही. पैगंबरांच्या पहिल्या बीबीसाहेब मक्केत व्यापार करायच्या. त्यांचे तांडे पार शामपर्यंत, म्हणजे सिरियापर्यंत जायचे. निकाहचा निरोपसुद्धा त्यांनीच धाडला." मी हसून ऐकायचे आणि विसरून जायचे.

एका सकाळी नवरा रात्रपाळीहून तासभर उशिरा आला. बूट न काढताच सोफ्यावर बसला. येताना बसमध्ये त्याच्या शेजारी बीडकडचे एक फिटर होते. दोघांची जागा रोजची. वाटेत त्यांनी याच्या खांद्यावर डोकं टेकलं. झोप लागली असेल म्हणून हा अंग न हलवता बसून राहिला. उतरायची वेळ झाली तेव्हा हाक मारली, तर ते गेलेले होते.

"पाऊण तास मी तसाच बसलो होतो," तो म्हणाला. "एकदा हलवून बघितलं असतं तर..." त्याचे हात थरथरत होते. "मला थंडी वाजतेय. जरा बस ना इथे."

मुलीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती. मी तयार होऊन उभी होते. एसी बंद केला, चहा पुढे ठेवला.

"तुझी काय चूक त्यात? अंघोळ कर, झोप काढ, बरं वाटेल."

"आपण नाशिकला परत जाऊ या. मला ती बस नको."

"हे आत्ता बोलायचं का? तिची दहावी आलीय. आणि वर्ल्ड कप होईपर्यंत इथून कुणी जातंय का?"

तो "बरं" म्हणाला. मी गाडीची किल्ली घेऊन निघाले.

परतताना दारातच आपा भेटल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पेपरातली बातमी सांगावी तसं.

"मग तू काय केलंस?"

"चहा दिला. मग शाळेत गेले."

त्या म्हणाल्या, "पैगंबर हिराच्या गुहेतून अल्लाहचा पहिला संदेश ऐकून घरी आले ना, तेव्हा असेच थरथरत होते. काय झालंय ते त्यांचं त्यांनाच कळेना. मला पांघरूण घाला, म्हणाले. बीबीसाहेबांनी आधी पांघरूण घातलं. भीती ओसरू दिली. मग सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, तुम्ही नात्याला जागता, दुबळ्याचं ओझं उचलता, अल्लाह तुम्हाला टाकणार नाही. सगळ्यांत आधी विश्वास ठेवला तो त्यांनी. त्या गेल्यावर कितीतरी वर्षांनीसुद्धा त्यांची आठवण निघाली की पैगंबर हळवे व्हायचे."

मला राग आला. "तो काळ वेगळा होता, आपा," म्हणून मी आत गेले. नवरा बूट घालूनच सोफ्यावर झोपला होता. सोफ्याचं कव्हर ओढून त्यानंच अंगावर घेतलं होतं.

दोन दिवसांनी मी विचारलं, "परवा तू काय सांगत होतास?"

"काही नाही. खलास. झालं ते."

पुढच्या आठवड्यात तो त्याच बसने कामावर गेला. परत जायचा विषय पुन्हा काढला नाही. सुट्ट्या, भाजी, मुलीचे मार्क याबद्दल बोलायचा. भीती वाटेल असं काही मला सांगेनासा झाला.

काही महिन्यांनी एका शुक्रवारी मी कपडे वाळत घालायला बाल्कनीकडे निघाले, तर तो तिथे फोनवर बोलत होता. "नाही वहिनी, त्रास नाही झाला. माझ्या खांद्यावरच होते. शांत झोपल्यासारखे." फिटरच्या बायकोशी बोलत होता. ती दर शुक्रवारी तेच विचारायची आणि हा दर शुक्रवारी पहिल्यापासून सांगायचा. बोलता बोलता त्यानं बाहीनं डोळे पुसले. मी बादली घेऊन मागे फिरले.

मॅचेस सुरू व्हायच्या आधीच आपा रत्नागिरीला कायमच्या गेल्या. निरोपाला बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. तुमचं बरोबर होतं, एवढं एकच वाक्य मला त्यांना सांगायचं होतं. तेवढ्या गर्दीत मी "फोन करा" एवढंच म्हणाले. मीही कधी केला नाही.

दोन वर्षांनी त्या वारल्याचं त्यांच्या मुलानं कळवलं. नवरा युनिफॉर्मला इस्त्री करत होता. मी त्याला सांगितलं.

"चांगल्या होत्या," तो म्हणाला.

मी तिथेच उभी राहिले. "त्या दिवशी मी शाळेत जायला नको होतं."

कुठला दिवस, हे त्यानं विचारलं नाही. कॉलर उलटी करून तिच्यावरून इस्त्री फिरवली.

"हो," तो म्हणाला. "नको होतं."