एक, चार, दोन, तीन

ज्यांना सगळी गल्ली ‘ऑटोमॅटिक’ म्हणून ओळखत असे, ते रेकॉर्ड चेंजरचे मेकॅनिक एकोणऐंशी वर्षे जगले. जन्म थोरल्या बहिणीच्या पाठीवर तीन वर्षांनी. मृत्यू स्वतःच्या अंथरुणात, सकाळी. या एकोणऐंशी वर्षांपैकी अठ्ठावन्न वर्षे त्यांनी एकाच जातीच्या यंत्राची दुरुस्ती केली आणि शेवटची सेहेचाळीस वर्षे एकाच चुकीचे ओझे वाहिले. एवढे आरंभीच नोंदवून ठेवणे इष्ट. म्हणजे पुढचे सांगताना मागे वळावे लागणार नाही.

त्यांची खोली शिंप्याच्या दुकानामागे होती. एक खिडकी, एक लांब मेज, आणि भिंतीला लागून बंद पडलेल्या चेंजरची उतरंड. मेजावर स्पिरिटची बाटली, जुने दात घासायचे ब्रश आणि निरनिराळ्या आकारांचे पेचकस डावीकडून उजवीकडे लहानमोठेपणाने मांडलेले असत. कुणी एखादा उचलून दुसरीकडे ठेवला, तर मेकॅनिक बोलणे अर्धवट टाकून आधी तो जागेवर ठेवीत. “याच्या पोटात जेवणसुद्धा एकावर एक, नंबराने पडतं,” असे शिंपी गिऱ्हाइकांना सांगे. ‘ऑटोमॅटिक’ हे नावही त्यानेच पाडलेले.

चेंजर म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. साध्या टर्नटेबलवर एक तबकडी ठेवायची, ती संपली की उठून दुसरी लावायची. चेंजरला मध्यभागी उंच दांडी असे. तिच्यावर सहासात तबकड्यांची चळत अडकवून ठेवली की खालची तबकडी आपोआप फिरत्या थाळीवर पडे आणि सुईचा हात येऊन तिच्यावर अलगद टेके. बाजू संपली की हात उचलला जाई, बाजूला सरे, वरची तबकडी पहिलीवर पडे, आणि हात पुन्हा येई. माणसाने खुर्चीतून उठायचे नाही. हे सारे विजेच्या मेंदूवाचून, केवळ दातेरी चाके आणि तरफा यांच्या जोरावर चाले. मेकॅनिकांना या गोष्टीचे अखेरपर्यंत नवल वाटत राहिले. यंत्र बिघडण्याचे कारण बहुधा एकच असे: आतले ग्रीस वर्षानुवर्षांत वाळून डिंकासारखे घट्ट होई. ते खरवडून काढावे, नवे लावावे, आणि तळाच्या फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने तारीख लिहावी, ही त्या धंद्याची रीत होती. पुढे ज्याच्या हाती यंत्र जाईल त्याला आधी कोण येऊन गेला ते कळावे, म्हणून. मेकॅनिकांनी ती रीत एकदाही चुकवली नाही.

अलीकडे जुन्या यंत्रांचे वेड परतून आले होते. पण त्यातही चेंजरच्या वाट्याला उपेक्षाच आली. शौकीन लोक टर्नटेबल घेत आणि चेंजरकडे बघून नाक मुरडत; तबकडीवर तबकडी पडली की चरे घासतात, असा त्यांचा आक्षेप. उरलेल्यांना तो केवळ शोभेला हवा असे. एक नवे जोडपे आले होते. नवरा म्हणाला, “काका, चालू नसला तरी चालेल. कोपऱ्यात ठेवायचाय.”

“मग वाट चुकलात,” मेकॅनिक म्हणाले. “भंगारवाला पलीकडच्या गल्लीत. त्याच्याकडे न चालणारे ताजे मिळतात.”

शिंप्याने पडद्यामागून हसू दाबले. मेकॅनिक मात्र हसले नव्हते. गेली कित्येक वर्षे ते क्वचितच हसत, आणि त्याचे कारण ती चूक.

तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते. तबकड्या काढणाऱ्या एका लहानशा कंपनीत ते तंत्रज्ञ होते आणि ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्याच कंपनीसाठी गोष्टी वाचून दाखवी. तिचा आवाज किंचित घोगरा; ऐकणाऱ्याला वाटावे, ही आपल्यालाच काही सांगते आहे. तिने स्वतः रचलेली एक दीर्घ गोष्ट कंपनीने दोन मोठ्या तबकड्यांवर, चार भागांत काढायचे ठरवले. गोष्ट साधी होती. पहिल्या भागात एक शिवणकाम करणारी बाई संसार मांडते. दुसऱ्यात नवरा एके दिवशी काही न सांगता निघून जातो. तिसऱ्यात ती मशीन चालवून मूल वाढवते. चौथ्यात, बऱ्याच वर्षांनी, दार वाजते. बाहेर नवरा असतो. ती कडी काढत नाही.

मेकॅनिकांनी मालकांपुढे विचार मांडला की हा संच चेंजरसाठीच घडवावा. पहिल्या तबकडीवर भाग एक आणि चार, दुसरीवर दोन आणि तीन. दोन्ही तबकड्या दांडीवर चढवल्या की एक आणि दोन ओळीने वाजतील. मग सगळी चळत एकदम उलटी करून पुन्हा चढवली की तीन आणि चार. पाऊण तासाच्या गोष्टीत श्रोत्याने एकदाच उठायचे. मालकांना कल्पना पटली. मात्र चित्रकाराने लेबल इतके देखणे केले की त्यावर तबकडी पहिली की दुसरी आणि बाजू वरची की खालची एवढेच मावले, भागांचे आकडे मावेनात, तेव्हा मेकॅनिक म्हणाले, “काही हरकत नाही. मी वेगळे सूचनापत्रक लिहितो.” पत्रक त्यांनी तीन दिवस खपून लिहिले. भाषा निर्दोष होती. ते प्रत्येक पाकिटात घातले गेले, आणि बहुतेक घरांत पाकीट उघडताच केराच्या डब्यात गेले.

चेंजर फार थोड्यांकडे होता. बाकीच्यांनी पहिली तबकडी लावली, संपल्यावर उलटली, मग दुसरी लावली. एक, चार, दोन, तीन. या क्रमाने गोष्ट अशी झाली: बाईने संसार मांडला, नवरा दारात उभा राहिला, तिने कडी काढली नाही, मग नवरा निघून गेला, आणि ती बसली मशीन चालवीत.

त्याच्या आदल्याच वर्षी ताईचा स्वतःचा नवरा तीन वर्षांच्या मुलाला आणि तिला सोडून गेला होता. जिन्यात बायका बोलू लागल्या. “आम्ही म्हणत होतो ना, पुरुष उगाच का जाईल? हिनेच दार लावलं. आता स्वतःच्या तोंडाने सांगतेय.” चूक ध्यानात आल्यावर मेकॅनिक घरोघर पत्रके घेऊन फिरले. लोकांनी ती घेतली, घडी घातली, आणि चहा विचारला. कंपनीने ताईला पुन्हा बोलावले नाही. ती एका शाळेच्या ग्रंथालयात लागली आणि निवृत्त होईपर्यंत पुस्तकांवर क्रमांक चिकटवीत राहिली.

भावाला ती एकदाच म्हणाली, “तुझ्या यंत्राला कळतं कुठली बाजू आधी. माणसांना मात्र नुसता कागद दिलास होय रे?” त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि त्यांच्या खोलीची पायरीही चढली नाही.

या घटनेला सेहेचाळीस वर्षे उलटली. ताईचा मुलगा, मेकॅनिकांचा एकुलता भाचा, पन्नाशीला आला. त्याने कॅफे काढला होता. तिथे भारी टर्नटेबलवर जुन्या तबकड्या वाजत आणि लोक डोळे मिटून कॉफी पीत. आईचा तो संच त्याने संगणकावर उतरवून सर्वत्र पसरवला, आणि तो एकाएकी गाजला. काळाची मोडतोड करणारी धाडसी रचना, असे जाणकार म्हणू लागले.

एके दुपारी शिंप्याने काम थांबवून मोबाइल पुढे केला. “ऑटोमॅटिक, बघा, तुमचा भाचा मुलाखत देतोय.”

पडद्यावर भाचा शांतपणे सांगत होता, “आईने वडिलांना दार उघडलं नाही. त्या काळात एका बाईने हे असं कबूल करणं, याला छाती लागते. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलोय. माझा राग केव्हाच निवला.”

मेकॅनिकांनी हातातला पेचकस खाली ठेवला. तो चुकीच्या जागी पडला, आणि त्यांनी तसाच राहू दिला. शिंप्याने हे पाहिले आणि मोबाइल बंद केला.

पुढचे तीन आठवडे त्यांनी आपल्याजवळचा सर्वांत चांगला चेंजर उघडून पुन्हा बांधला. एका रविवारी सकाळी तो रिक्षात मांडीवर घेऊन ते ताईच्या घरी पोहोचले. खिशात जुने सूचनापत्रक होते. बेत असा की भाच्याला समोर बसवून गोष्ट एकदा, फक्त एकदा, खऱ्या क्रमाने ऐकवायची.

भाच्याने दार उघडले. “मामा, हे धूड कुठून आणलंत?”

“त्या दोन तबकड्या काढ. यावर लावायच्या आहेत.”

“चेंजरवर? अहो, घासतील. तेवढा एकच चांगला संच राहिलाय.”

“घासणार नाहीत. मी बांधलाय.”

“मामा, तुम्ही अजून त्याच जमान्यात. हवं तर मोबाइलवर लावतो.”

मेकॅनिकांनी पत्रक पुढे केले. भाच्याने ते उभ्याउभ्याच वाचले, पुन्हा वाचले. “एक, दोन, तीन, चार,” तो पुटपुटला. मग हसला. “म्हणजे तुमचा बेत असा होता. बरं झालं फसला. सरळ क्रमाने ही गोष्ट चारचौघींसारखी झाली असती. नवरा गेला, बायको सावरली, त्यात काय नवं?”

“नवं नसेल. पण तसं आहे.”

“गोष्टच ना ती. आईला विचारा, तिलासुद्धा आवडतो हा क्रम.” एवढे म्हणून तो वाजणारा फोन घेऊन गॅलरीत गेला आणि मागे दार ओढून घेतले.

ताई खिडकीपाशी बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, ताठ. मेकॅनिक तिच्यासमोर उभे राहिले. “अगं, तू तरी सांग त्याला. शेचाळीस वर्षं झाली. त्याला वाटतंय, तूच त्याच्या बापाला घालवलंस.”

“हळू बोल.”

“का म्हणून हळू?”

“बस आधी. जिना चढून आलायस.” ते बसल्यावर तिने चेंजरकडे पाहिले. “हा नऊ वर्षांचा होता. शाळेतून आला आणि म्हणाला, आई, बाबा परत आले होते ना? तू दार उघडलं नाहीस ना? कुणीतरी रेकॉर्ड ऐकवली होती.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले.”

मेकॅनिकांनी भाच्याने चेंजरवर टाकलेले पत्रक उचलून हातात घेतले.

“कोण आलं होतं रे दार वाजवायला?” ताई म्हणाली. “कुत्रंसुद्धा आलं नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. चौथा भाग मी मनाने घातला होता. पण त्या पोराचा चेहरा बघितलास असतास तर. बाप आला होता, एवढ्यावर ते जेवलं. माझ्याशी चार महिने धड बोललं नाही, पण जेवलं.”

“आता तो पन्नाशीचा आहे.”

“म्हणूनच सांगते, राहू दे. इतक्या वर्षांनी त्याचा बाप मी त्याच्याकडून काढून घेऊ? तेही तुझ्या कागदावरून?”

“मग मी ही सगळी वर्षं—”

“तुझी चूक माझ्या कामी आली,” ताई म्हणाली. “म्हणून माफ केलंय असं समजू नकोस. लोक थुंकले ते माझ्यावर. तुझ्या यंत्रावर नाही.”

गॅलरीचे दार उघडले. भाचा आत येत म्हणाला, “काय, भांडून झालं का बहीणभावाचं?”

“झालं,” ताई म्हणाली. “मामाला पाणी दे.”

मेकॅनिक पाणी प्यायले, पत्रक घडी घालून खिशात ठेवले आणि उठले. भाचा म्हणाला, “हे ठेवून जा ना मामा. कॅफेत शोभेल.” ज्यांनी न चालणारा चेंजर मागणाऱ्यांना भंगारवाल्याची वाट दाखवली होती, त्यांनी होकारार्थी मान हलवली. फक्त दोन दिवसांची मुदत मागितली. थोडे काम राहिले आहे, म्हणाले. चेंजर ते परत घेऊन गेले.

वस्तुतः काम काहीच राहिले नव्हते. शिंप्याने नंतर सांगितले त्यावरून, मेकॅनिकांनी तळाची फळी सोडवली, आतल्या अंगाला पत्रक खळीने चिकटवले, त्याखाली पेन्सिलीने तारीख घातली, आणि तारखेखाली ठळक अक्षरांत ओळ लिहिली: ‘गोष्टीचा क्रम एक, दोन, तीन, चार. नवरा आपण होऊन गेला.’ मग सगळे पेच कसले आणि चेंजर पाठवून दिला. शिंप्याने विचारले, “हे कोण वाचणार?”

“पुढचा मेकॅनिक,” ते म्हणाले. “बिघडल्यावर.”

सात महिन्यांनी ते वारले.

मागे जे उरले, त्याची व्यवस्था अशी लागली. खोली शिंप्याने घेतली. तिथे आता काजे-बटणे होतात. भिंतीशी रचलेले बंद चेंजर भंगारवाल्याने नेले आणि त्यांच्याबरोबर उरलेल्या सूचनापत्रकांचा गठ्ठाही. ताई अजून हयात आहे. भावाच्या अंत्यविधीला ती आली आणि अखेरपर्यंत उभी राहिली. भाच्याने संचाची नवी आवृत्ती काढली. तबकड्यांच्या बाजूंना अ, ब, क, ड अशी अक्षरे आहेत, म्हणजे चौथा भाग आता कायमचा दुसरा झाला आहे. पाकिटाच्या मागील बाजूस कृतज्ञतेचा मजकूर आहे: ‘या धाडसी क्रमाची कल्पना माझ्या दिवंगत मामांची.’ त्याने हे मनापासून लिहिले आहे.

चेंजर कॅफेत दाराजवळच्या टेबलावर आहे. त्याच्या थाळीवर एक कुंडी ठेवलेली असते. यंत्र अद्याप उत्तम स्थितीत आहे. ते कुणी लावत नाही, त्यामुळे बिघडण्याचा प्रश्न येत नाही. आणि ते बिघडेपर्यंत कुणी उघडणार नाही.