मोज्यांतली कुसळं

टेकडीवरून आलेली लेक दारातच बसून मोज्यांत रुतलेली गवताची कुसळं उपटत होती. बाबांनी खुर्चीतूनच हात पुढे केला. "आण इकडे." लहानपणी माझी कुसळं तेच काढायचे, त्यांची त्यांचे वडील. टेकडीची ओढ आमच्याकडे अशी मोज्यांतूनच उतरत आली.

गेल्या वर्षी बाबा घसरले ते बाथरूममध्ये, आणि मी बंद केली त्यांची टेकडी. बूटही माळ्यावर टाकले. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

"गवत पिवळं पडलं का गं?"

"कधीच, आबा!"

एकेक कुसळ ते तळहातावर ठेवत गेले. मग माझं लक्ष नाही असं समजून त्यांतलं एक त्यांनी आपल्या स्वच्छ, पांढऱ्या मोज्यात हळूच खोचलं.