न फाटलेला स्नायू

प्रमुख पाहुणे पाच मिनिटांत पोहोचतील, असं तिसऱ्यांदा सांगण्यात आलं, तेव्हा आमचे खेळाडू वीस मिनिटं मैदानावर रांगेत उभे होते. चंदीगडचा जानेवारी. दुपारीही धुकं. पाहुणे वाटेत झिरकपूरच्या ट्रॅफिक जाममध्ये.

मी या फुटबॉल क्लबचा फिजिओ. सामन्याआधी पळून स्नायू गरम करतात, तो वॉर्म-अप. त्यानंतर थंडीत नुसतं उभं राहिलं की स्नायू आखडतो. मग एकदम धाव घेतली तर फाटू शकतो.

कोच झोरान क्रोएशियाचा. तिकडे बचावफळीत खेळायचा. मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दोनदा फाटला आणि खेळणं संपलं. मग कोच होऊन चार देश फिरला. आमच्याकडे एका वर्षाच्या करारावर होता.

"डॉक, अजून किती वेळ उभं राहिलं तर चालेल?" त्याने विचारलं.

"वेळ कधीच संपली," मी म्हणालो.

क्लबचे सचिव सेखों जी आडवे आले. "कोच साब, लाइन नहीं टूटेगी. साहब हाथ मिलाएँगे, फिर जितना मर्ज़ी भगाओ."

झोरानने शिट्टी फुंकली. रांग पळत सुटली. नेमकी तेव्हाच गाडी आली. बँड वाजला, आणि पाहुण्यांनी पुढे केलेल्या हातासमोर फक्त गवत होतं.

सामना शून्य-शून्य सुटला. कुणालाही दुखापत झाली नाही.

सोमवारी सेखों जींनी मला बोलावलं. "डॉक्टर साब, कोई इंजरी हुई?"

"नाही जी. पण ती झाली नाही, कारण..."

"बस, इतना ही लिख दो. कारण कमिटी समझ लेगी."

माझंही कंत्राट मार्चपर्यंतच होतं. मी रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली: एकही दुखापत नाही. सही केली. क्लबच्या कमिटीने निष्कर्ष काढला की धोका नव्हताच. कोचने पाहुण्यांचा अपमान केला. झोरानचा करार रद्द झाला.

सेक्टर ४३च्या बसस्टँडवर मी त्याला दिल्लीच्या बसमध्ये बसवायला गेलो. क्लबने गाडी दिली नव्हती.

"तू काय लिहिलंस?"

"खरं तेच."

"माहीत आहे, वाचलं मी." त्याने बॅग वर ठेवली. "आयुष्यभर बचावात खेळलो, डॉक. न झालेल्या गोलबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. पण तुला ठाऊक होतं."

मी खाली उतरलो. बस सुटली.

तेव्हापासून माझ्या रिपोर्टमध्ये 'दुखापत का टळली' अशी एक ओळ असते. ती अजून कुणी वाचलेली नाही. नवे कोच रांग मोडत नाहीत.