घाटकोपरचा कप

“कप आता तुम्हीच घेऊन जा,” मास्तर म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. घाटकोपरला त्यांचं बैठं घर होतं आणि मागच्या अंगाची एक खोली त्यांना भाड्यानं द्यायची होती. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. आवाज मऊ. त्यांनी खोली दाखवली, नळ दाखवला, कपडे वाळत घालायची तार कुठं बांधायची तेसुद्धा सांगितलं. मी सरकारी कचेरीत कारकून आहे हे ऐकून तर ते खूशच झाले. आतून बाईंनी चहा पाठवला. पांढरा कप, निळी किनार. अर्धा चहा पोटात गेल्यावर त्यांनी विचारलं, “मूळचे कुठले आपण? आणि कोण म्हणायचे?”

मी सांगितलं, महार. तेव्हा मला खोटं बोलता येत नव्हतं.

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मलाही रागावता आलं असतं. ते उठून आत गेले आणि लगेच बाहेर आले. “माझं काही नाही हो. पण हिला नाही चालायचं. मनात काही ठेवू नका.” मग कपाकडं बोट करून ते वाक्य. कप तिथंच आपटून निघावं, तर तेही सुचलं नाही. मी उरलेला चहा संपवला. त्यांच्यासमोर, घाईघाईनं, जीभ भाजत. आणि कप हातात घेऊन बाहेर पडलो. बशी त्यांच्याकडंच राहिली, तिला माझा हात लागला नव्हता.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात. माझ्या हाती कप आला. स्टेशनपर्यंत तो घेऊन चाललो होतो. लोक बघत होते. फेकून द्यायला गटार होतं, उकिरडा होता. फेकला नाही. गरिबाच्या हातून चांगली वस्तू फेकवत नाही, एवढंच त्याचं कारण.

मी मुंबईत नवा होतो. परळला चुलतभावाच्या खोलीत आम्ही अकरा जण राहायचो. माझी बायको हिरा गावाकडं होती, तिला पाचवा महिना लागला होता. माझ्या आईची दोन लेकरं गावाबाहेरच्या झोपडीत बाळंतपणात गेली होती. हिराचं पोर दवाखान्याच्या गावात, भिंती असलेल्या खोलीत जन्माला यावं, एवढीच माझी हाव होती. त्यासाठी खोली हवी होती, आणि पोटातलं पोर काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं.

कुठल्या उपनगरात राहावं याचा मी चक्क एक कागद केला होता. कारकुनाची सवय. अंधेरी: हवा मोकळी. बोरिवली: झाडी, भाडं कमी. मुलुंड: शांत, शाळा जवळ. घाटकोपर: कचेरीला सोयीचं. पाणी, बाजार, दवाखाना, सगळे रकाने आखले होते. जो एक रकाना खरा होता तो तेवढा आखायचा राहिला.

दर रविवारी एकेक गाव. अंधेरीला घरमालक म्हणाला, “सिनेमावाल्यांना आम्ही जागा देत नाही, पण तुम्ही सभ्य दिसता.” सभ्यपणा जात विचारेपर्यंत टिकला. बोरिवलीला वाडीतलं घर होतं, अंगणात विहीर. तिथली म्हातारी मालकीण बिचारी खरं बोलली. “विहीर एकच आहे रे बाबा. तुला दुसरी कुठून आणून देऊ?” देशाच्या कायद्यात शिवाशीव संपली होती. विहिरीला कुणी कळवलं नव्हतं.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक मालवणी मित्र बसायचा. मनानं चांगला. कपाची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा त्यानं लेखणी खाली ठेवली. मग म्हणाला, “जात कित्याक सांगतंस? गावाच्या नावाक कर लाव नि गप रव. कोण बघूक येता?”

मी गावाच्या नावाला कर लावला.

मुलुंडला एका आठवड्यात खोली मिळाली. एका ओळीत चार खोल्या, पुढं सामाईक ओटा, अंगण, तुळस, लाकडी फाटक. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. त्यांच्या घरातल्या त्या काकू. भाऊसाहेबांनी नवं आडनाव ऐकलं, मान हलवली, आणि पुढं काही विचारलंच नाही. इतकं सोपं होतं. घरी परतताना मला आनंद व्हायला हवा होता. पण बापाचं आडनाव खुंटीवर सदऱ्यासारखं टांगून आल्यासारखं वाटत होतं.

हिरा आली. ती तोंडानं मोकळी बाई, गाणारी, हसणारी. मी तिला पहिल्याच दिवशी पढवलं. ‘न्हाई’ म्हणायचं नाही, ‘नाही’ म्हणायचं. नळावर जास्त बोलायचं नाही. माहेरचं विचारलं तर आई वारली म्हणायचं आणि डोळ्याला पदर लावायचा. तिची आई जिवंत होती. हिरानं सगळं ऐकून घेतलं आणि एक सोपा उपाय काढला. ती बोलायचीच बंद झाली. काकू म्हणायच्या, “किती गरीब हो तुमची बायको.” मी हसायचो. चोराच्या मनात चांदणं. कुणी दारावर थाप मारली की मी आधी हिराकडं बघायचो.

तिथंच मुलगी झाली. दवाखान्यात, पांढऱ्या चादरीवर. काकूंनी डिंकाचे लाडू केले, बाळाला काजळ घातलं, मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं. हेही सांगितलं पाहिजे. त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्या. म्हणूनच ते सगळं जास्त कठीण होतं.

मी वडिलांना पत्र लिहिलं. मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत, जागा लहान आहे, इतक्यात येऊ नका. वडील अंगठेबहाद्दर. पत्र गावच्या गुरुजींनी वाचून दाखवलं. वडिलांनी ‘मुलगी झाली’ एवढंच ऐकलं असणार. पुढचं कशाला ऐकतील? पहिली नात होती. आणि खोटं आडनाव, पढवलेली बायको, यातलं एक अक्षरही मी त्यांना कळवलं नव्हतं. लाज वाटली म्हणून. चूक तिथं झाली, आणि ती माझी.

मुलगी सहा महिन्यांची होती. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. भाऊसाहेब अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी दारात दाढी करत बसलो होतो. फाटक वाजलं.

वडील. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, काखेत भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं. माझ्या पत्राचा कागद दाखवत, विचारत विचारत आले होते. त्यांची नजर आधी भाऊसाहेबांवर पडली. गोरे, उघड्या अंगावर जानवं, खुर्चीत. पुढचं त्यांनी विचार करून केलं नाही. साठ वर्षं शरीराला जे वळण लागलं होतं ते शरीरानं केलं. वहाणा फाटकाबाहेर निघाल्या. काठी खाली गेली. कमरेत वाकून त्यांनी हात मातीला लावला, कपाळाला लावला आणि म्हणाले, “जोहार, मायबाप.”

जोहार कोण घालतं हे महाराष्ट्रात पोराटोरांना ठाऊक आहे. काकूंचे हात तांदळात थांबले. भाऊसाहेबांनी पेपर खाली केला, वडिलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. “कोण हो हे?”

माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. मी म्हणालो, “गावाकडचा माणूस आहे. आमच्याकडं कामाला असतो.”

वडिलांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. माझा बाप अडाणी होता, पण त्याला माणसं वाचता यायची. तो एका क्षणात सगळं समजला. आणि त्यानं मला वाचवलं.

“व्हय जी,” तो भाऊसाहेबांना म्हणाला. “ह्यांच्या गावचा म्हार म्या. घरचा निरोप घिऊन आलुया.” मग माझ्याकडं वळून, मान खाली घालून, “धनी, समदी खुशाल हाईत. म्हातारी बी बरी हाय.”

म्हातारी म्हणजे माझी आई.

काकू उठल्या. “लांबून आलाय बिचारा,” म्हणून तांब्या घेऊन आल्या. वडील फाटकापाशी उकिडवे बसले, ओंजळ पुढं केली. काकूंनी वरून पाणी ओतलं. ते ओंजळीतून प्यायले, ओला हात डोक्याला पुसला. मी बघत होतो. साबण गालावर वाळत होता.

हिरा मुलीला कडेवर घेऊन दाराच्या आत उभी होती. दुसऱ्या हातात चहा. तोच कप, निळ्या किनारीचा. घरात पाहुण्याला द्यावा असा तो एकच होता. ती माझ्याकडं बघत होती. मी नुसती मान हलवली असती तर ती बाहेर गेली असती. मी मान हलवली नाही.

वडिलांनी गाठोडं पायरीपासून दोन हात दूर ठेवलं. नातीकडं लांबूनच बघितलं. “लेकरू गुणाचं हाय,” म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. फाटकाबाहेर जाऊन वहाणा घातल्या आणि निघून गेले.

भाऊसाहेबांनी पुन्हा पेपर उघडला. “इमानी असतात हो ही माणसं.” काकू म्हणाल्या, “शेंगा आत घ्यायच्या आधी पाणी शिंपडा हं त्यांच्यावर.”

मी आत गेलो. हिरा म्हणाली, “मामंजींनी च्या सुदिक घेतला न्हाई.” त्या घरात ती पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलली. कप तिच्या हातात तसाच होता. चहावर साय धरली होती.

मग मी पळालो. तसाच, अर्धी दाढी केलेला. स्टेशनवर बाक रिकामा होता आणि वडील बाकाशेजारी जमिनीवर बसले होते. मी पायाशी बसलो. “आबा, घरी चला.”

ते म्हणाले, “कुनाच्या?”

टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. मी रडायला लागलो. त्यांनी घोंगडीच्या टोकानं माझ्या गालावरचा साबण पुसला. लहानपणी शेंबूड पुसायचे तसा. “रडू नगंस. जागा घावलीया, ऱ्हा सुखानं. पोरगीला शिकीव.” थोडं थांबून म्हणाले, “म्या जल्मभर जोहार घातला. तुला घालाय लागू नये म्हनून साळंत घातलं. पर तू बी घालतुयास, लेका. निस्ता वाकत न्हाईस.”

गाडी आली. मी हात धरला, त्यांनी सोडवला. हळूच.

परत येऊन मी अंगणात उभा राहिलो. चारी खोल्यांतली माणसं बाहेर होती, रविवार ना. मी मोठ्यानं म्हणालो, “भाऊसाहेब, मघाशी आला तो माझा बाप होता. मी महार आहे. कर लावलेलं आडनाव खोटं आहे.”

भाऊसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. “म्हणजे इतके दिवस तुम्ही आम्हाला फसवलंत?”

“फसवलं,” मी म्हणालो. “पण तुम्हाला नाही. त्याला.”

काकू माझ्या मुलीकडं बघत होत्या. त्यांच्या मांडीवर न्हालेली मुलगी. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, त्या काहीतरी बोलतील. त्या वळल्या आणि घरात गेल्या. आम्ही सामान बांधत होतो तोवर कुणीतरी आमच्या दारापुढचा ओटा शेणानं सारवायला घेतला होता. आम्ही अजून आतच होतो. बाहेर पडताना ओल्या शेणात आमची पावलं उमटली.

भांडुपला टेकडीखाली, खाणीत दगड फोडणाऱ्यांच्या वस्तीत आम्ही पत्र्याचं घर घेतलं. पाणी लांबून आणावं लागायचं. हिरा पुन्हा गायला लागली. मी वडिलांना पत्र लिहिलं, आता या, घर आपलं आहे, दारावर तुमचंच आडनाव आहे. गुरुजींच्या अक्षरात उत्तर आलं: सुगी झाल्यावर येतो. सुगी झाली. वडील तापानं गेले. माझ्या घरचा चहा ते कधीच प्यायले नाहीत. लोक म्हणतात, त्यांनी तुला माफ केलं असेल. केलं असेल. मला ते नको आहे. मी मान हलवली नाही हे कुणी माफ केल्यानं पुसलं जात नाही.

पुढं बदली झाली, मुलीची शाळा आली, पुन्हा खोली शोधायची वेळ आली. पुन्हा तीच अंधेरी, तेच बोरिवली, तेच मऊ आवाजाचे घरमालक. आता कागद नाही, रकाने नाहीत. मुलीला मी बरोबर नेतो, तिनं ऐकलं पाहिजे म्हणून. दार उघडतं. मालक हसून म्हणतात, या, बसा, आणि आत वळून चहा सांगायला लागतात. मी बसत नाही. खोली बघत नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून बापाचं आडनाव सांगतो, जात सांगतो, मोठ्यानं, शेजारच्या खिडकीत ऐकू जाईल असं.

आणि म्हणतो, “हे आधी ऐका. मग चहा टाका.”