साखरबाईच्या जिभंला न लागलेलं

डोळ्यात उसाच्या पाचटाचा कण गेला की शेळगावची माणसं साखरबाईच्या दारात येत्यात. ती चूळ भरती, पापणी उलटती, जिभंनं कण टिपून थुकून टाकती. पैसा घेत न्हाय. बघणाऱ्याला ओकारी येती. तिला चाळीस वर्सांत कशाची किळस आली न्हाय. आली ती पहिल्यांदा गेणबाची.

गेणबा कळंबचा. सून निकिता आन तीन वर्साची नात राजेश्वरी घिऊन आला. पोरीचा डोळा लालभडक, सुजून बंद व्हायला आलेला. मेडिकलवाल्यानं डोळे आल्यात म्हणून थेंब दिले. चार दिस उतरायचं, परत फुगायचं.

"पाचट गेलंय, काढ," गेणबा म्हणला.

साखरबाईनं जीभ फिरवली. काय लागंना. मग दिसलं, बुबुळाच्या तळाला पांढरा साका साठलेला. पोरीला कुशीवर निजवली, तर साका बी तिकडंच सरकला.

"तात्या, हे आत हाय. माझी जीभ वरनंच फिरतीया. बारामतीला न्या."

"अजून एकदा फिरव. म्हातारी झाली व्हय जीभ?"

"तुमची तरणी हाय ना, तुमी फिरवा."

गेणबा हललाच न्हाय. मग साखरबाईनंच निकिताला आन पोरीला एस्टीत घातलं, सोबत बी गेली.

डोळ्याच्या डॉक्टरनं मशीन लावलं. आत गाठ होती, कॅन्सरची. ह्या रोगात एरवी बाहुली पांढरी चमकती, फोटोत बी दिसती म्हणं. हितं मात्र नुसती लाली आन सूज, म्हणून समदे फसले. पुण्याला डोळा काढावा लागल, मग पोर वाचंल.

गेणबा पुण्याला आला तो तोंड वाकडं करून. "एका डोळ्याची पोर कोण करणार? त्यापरीस गेलेली..." पुढचं त्यानं गिळलं.

साखरबाई पचकन थुकली. "तात्या, लोकांचा पू तोंडात घेतलाय मी. एवढं घाण कायबी चाखलं न्हाय."

निकितानं नर्सकडनं पेन घेतला, सासऱ्याला म्हणली, "मामा, तुमी बाहेर बसा." आन ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

पोर वाचली. काचंचा डोळा लावून अंगणात पळती. गेणबा पारावर सांगतो, मीच म्हणलं हुतं, बारामती गाठा. माणसं माना डोलावत्यात. साखरबाईच्या कानावर गेलं, तवा तिला भाकरी गेली न्हाय.