शेवटच्या रांगेची तक्रार

पोलादपूरहून कुडपणला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मे महिन्यातही गळ्यात मफलर. मी पुढे केलेलं थंडगार कोकम तिने हात जोडून नाकारलं.

"घसा बसलाय का?" मी चौकशी केली.

"नाय हो, जपतेय. मुंबईत ऑपेरात गाते मी. अख्खं नाटक गाण्यात, तेही इटालियन. माईक मात्र नाय."

पहिल्यांदाच तिला मोठी भूमिका मिळाली होती. पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, असं शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं होतं.

"म्हणून घरी चाललेय."

इटालियन गाण्याचा रियाज कुडपणात? मला काही कळेना.

आम्ही दोघंही एकाच वळणावर उतरलो. तिचं घर दरीपलीकडे, काडेपेटीएवढं दिसत होतं. तिने मफलर सोडला, पाय रोवले, पोटभर श्वास घेतला आणि हाळी घातली, "आये गोऽऽ! भात टाकऽऽ!"

पलीकडून तिच्याहून खणखणीत आवाज आला, "टाकलाय गोऽऽ! वरडतेस कशाला? मी काय भयरी हाय?"

ती खुशीत माझ्याकडे वळली. "ऐकलंत? शेवटच्या रांगेची तक्रार आली!"