बायोचा दम

शिरोड्याच्या आमच्या शाळेत बायो हजेरीलासुद्धा बोलत नसे. नाव पुकारलं की नुसता हात वर करायची. कुणी काही विचारलंच, तर उत्तर इतकं हळू येई की समोरच्याने कान तिच्या तोंडाजवळ न्यावा. अंगाने मात्र चांगली थोराड. खांदे रुंद, पंजे वल्हं मारणाऱ्या माणसासारखे. एवढ्या मोठ्या मुलीचा एवढासा आवाज, म्हणून पोरं हसायची.

मी गणिताची बाई. खेळाचे सर बदलून गेले आणि मुलींचा कबड्डीचा संघ माझ्या गळ्यात पडला. पहिल्याच दिवशी, सुरूच्या झाडांमागच्या मैदानावर, मी बायोची पकड पाहिली. चढाई करणारी मुलगी कोपऱ्याकडे वळली मात्र, तिचा घोटा बायोच्या हातात होता. मी बायोला चढाईला जायला सांगितलं. तिने मान हलवली.

"माका नाय जमाचा, बाई."

चढाईत तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' चालू हवं आणि तो दम पंचांना ऐकू जायला हवा. नाहीतर चढाई फुकट. बायोचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

एकदा सराव संपल्यावर ती पायांची वाळू झाडत बसली होती. मी विचारलं, "घशाला काही त्रास आहे का गं?"

ती हळूच म्हणाली, "आवाज आवशीचो आसा. बाबांका आयकाक नको."

बाकीचं गावाला ठाऊक होतं. तिची आवस, म्हणजे आई, तिठ्यावर मासे विकायची. तिची हाळी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. बायो पाचवीत असताना ती घर सोडून गोव्याला गेली आणि तिथे तिने दुसरा संसार मांडला. बाप होडीवर जाणारा, अबोल. लेक खळ्यात, घरापुढच्या अंगणात, खदखदून हसली की तो उठून बाहेर जायचा. एकदा म्हणाला, माझ्यासमोर मोठ्याने बोलू नको. पोरीने ते साऱ्या जगासाठी लागू केलं.

मी तिला समजावत बसले नाही. मला ते जमलंही नसतं. ती पकडी करत राहिली आणि आम्ही तालुक्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो.

सामना वेंगुर्ल्यात होता. उत्तरार्धात आमच्या मुली एकामागून एक बाद झाल्या आणि आत उरली एकटी बायो. चढाई आमची. पंचांनी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.

तिने वाकून मध्यरेषेला हात लावला, तो कपाळाला लावला आणि पलीकडे गेली. मग आवाज आला. भरदार, थोडा घोगरा, रस्त्यापलीकडे जाईल असा. मी ओळखला, त्या आवाजाकडून मी कितीतरी वेळा बांगडे घेतले होते. समोरच्या मुली दचकल्या. बायोने दोघींना शिवलं. तिसरीने कमरेला मिठी घातली, तर तिलाही ओढत बायो रेषेवर येऊन पडली, दम न सोडता. बाद झालेल्या आमच्या तिघी नाचत आत आल्या.

सामना आम्ही थोडक्यात हरलो. पण जिल्ह्याच्या संघासाठी पहिलं नाव बायोचं निघालं. ते ऐकून ती पाणी प्यायली, म्हणाली, "बाई, घसो दुखता," आणि मोठ्याने हसली. तिचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

चार दिवसांनी तिचा बाप शाळेच्या फाटकापाशी उभा. आत येईना. मीच बाहेर गेले.

"होडीयेर पोरांनी मोबायलार तुमचो सामनो लावल्यानी," तो म्हणाला. "मी जाळा साफ करी होतंय. माका वाटला, हिची आवस इली. वळान बघलंय, तर माझा चेडू." मग खाली बघत म्हणाला, "मीच तिका गप केलंय, बाई."

"ते मला सांगून काय उपयोग? घरी तिला सांगा."

त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बायो वर्गाच्या दारातूनच म्हणाली, "बाई, बाबा खळ्यात उभे ऱ्हवले आणि म्हणाले, चढाय करून दाखय. मी त्यांका शिवान इलंय. त्यांका पकड येयना." अख्ख्या वर्गाने ऐकलं.

ती मुळात बडबडी होती, हे आम्हाला त्यानंतर कळलं. लहान मुलींना दटावायची, पंचांशी वाद घालायची, माझ्या तासाला मागच्या बाकावरून उत्तर ओरडायची, तेही पुष्कळदा चुकीचं. मी रागवायचे, पण आतून इतकी सुखावायचे की तो राग कुणाला खरा वाटत नसे.

दहावीनंतर पुण्याच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात तिची निवड झाली. निघण्याच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या घरी गेले. बाप तिच्यासाठी सुकी सुंगटं, वाळवलेली कोळंबी, पिशवीत भरत होता. बायो माझ्यासमोरच, नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली, "बाबा, जावच्या आधी मी आवशीक भेटान येतंय."

तो पिशवीची गाठ मारत राहिला. मारून झाल्यावर म्हणाला, "गोव्यात मांद्र्याक ऱ्हवता ती. देवळाकडे उतर, कोणीय सांगतला."

मग त्याने ती गाठ सोडली, एक दुसरी पिशवी काढली आणि अर्धी सुंगटं तीत ओतली.

"ही थंय तिका दी," तो म्हणाला.